खालचं मालवण

मालवणला स्कुबा करायला निघालेल्या माणसाने आधी एक समजून घ्यावं. ज्याला तो डायव्हिंग म्हणतो ती डायव्हिंगची झलक आहे. खरं डायव्हिंग शिकायचं तर ओपन वॉटरचा कोर्स करावा लागतो. त्याला तीन-चार दिवस जातात, आणि तो पुरा झाला की जोडीदार घेऊन १८ मीटरपर्यंत आपल्या जबाबदारीवर उतरता येतं. मालवणच्या जेटीवर, दांडीच्या किनाऱ्यावर किंवा तारकर्लीच्या रस्त्याकडेला माणशी हजाराच्या आसपास जे मिळतं, त्यात आपण स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. कमरेला शिशाचा पट्टा, पाठीला टाकी, तोंडात नळी. गाईड मागून टाकी धरतो, आपल्याला खाली नेतो आणि एखाद्या खडकापाशी आणून थांबवतो. समोरून दुसरा पोरगा पावाचा चुरा सोडतो, मासे त्यावर तुटून पडतात, कॅमेरा चालूच असतो. हा सगळा कार्यक्रम दहा-पंधरा मिनिटांचा, आणि खोली फार तर सहा-सात मीटर. वर येऊन केस पुसेपर्यंत पुढची बोट भरलेली असते.

मला यात वावगं काही वाटत नाही. डिसेंबरातल्या शनिवारी जेटीवर उभं राहून बघावं. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या गाड्या लागलेल्या असतात, आणि आयुष्यात विहिरीतसुद्धा न उतरलेली माणसं रबरी सूट चढवून एकमेकांचे फोटो काढत असतात. सोलापूरकडच्या एक आजी सुनेला बजावत होत्या, "तू राहा वर पोराला घेऊन, मी जाऊन येते." आणि गेल्या. पंधरा मिनिटांनी वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. हजार रुपयांत एवढं कुठे मिळतं?

मी मूळची मालवणचीच, बाजारपेठेतली. बाहेर सांगितलं की लोकांना वाटतं, ही लहानपणापासून समुद्रात डुंबत असणार. आमच्या घरात एकालाही पोहता येत नव्हतं. आमची दुकानं रस्त्याकडे तोंड करून, आणि आम्हीही तसेच. समुद्राशी संबंध मासळीपुरता. संध्याकाळी होड्या लागल्या की लिलाव, बांगड्यांच्या टोपल्या, आणि मग घरी कोणती मासळी आली त्यावरून रात्रीच्या जेवणाची चर्चा. बाकी समुद्र म्हणजे नियमांची यादी होती. अमावस्या-पुनवेला पाण्यात पाय घालायचा नाही, भरती लागताना खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, बसायचं नाही, श्रावणात तर त्या बाजूला फिरकायचंच नाही. समुद्र गाबितांचा, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाचा होता. ते त्याच्यावर जात, आणि आम्ही त्यांनी आणलेलं खात होतो. मालवण एकच, पण पाण्याच्या बाबतीत दोन गावं होती, आणि अजूनही आहेत.

त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर मी माझ्याच गावात पर्यटकांच्या रांगेत उभी राहून पैसे भरले, त्याचं घरी बरंच हसू झालं. "आपल्याच समुद्रात जायला पैसे?" असं चुलतभाऊ म्हणाला. त्याचा होमस्टे आहे आणि तो स्वतः रोज पाहुण्यांना स्कुबावाल्यांकडे पाठवतो, ही गोष्ट वेगळी.

माझा गाईड दांडीवरचा, विशी-बाविशीचा. बोटीवर त्याने खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. आम्हा मोबाईलवर सतत अंगठा दाखवणाऱ्या पिढीला हे फार जड जातं. निम्मे लोक खाली आनंदाने अंगठा दाखवतात आणि गाईड त्यांना इमानाने वर आणून सोडतो. मग त्याने कानांचं सांगितलं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, पण कानाला पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कळतं. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे होतात, मग पुढे. "काकी, श्वास तोंडान घेवा आणि अजिबात रोखून धरू नका. बाकी काय एक होवचा नाय," तो म्हणाला. अर्धं वाक्य मालवणीत, अर्धं पर्यटकांच्या मराठीत. मी गावचीच, हे त्याने माझ्या 'खंय'वरून ओळखलं होतं, पण कामाची सवय सुटत नव्हती.

खाली गेल्यावर सगळ्यात आधी ऐकू येतो तो आपलाच श्वास. घेताना खर्रर्र, सोडताना बुडबुड्यांचा गोंधळ. त्यापलीकडे दूरच्या कुठल्यातरी बोटीचं इंजिन, आणि ते कुठून येतंय हे काही केल्या कळत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो आणि डोक्याला दिशा लावता येत नाही. रंगांचंही तसंच. लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. माझ्या मनगटावरचा देवळातला लाल धागा खाली काळपट तपकिरी झाला होता, आणि तो माझाच हात आहे हे पटायला क्षणभर लागलं. काचेतून सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं, म्हणून माणसं सारखी काहीतरी पकडायला हात पुढे करतात आणि हात अलीकडेच राहतो.

आणि प्रवाळ. जाहिरातीत दिसतात तसे निळ्याजांभळ्या फांद्यांचे बगीचे इथे नाहीत, हे आधीच सांगते. ते बघायचे तर अंदमानला किंवा लक्षद्वीपला जावं. मालवणचा प्रवाळ खडकाला चिकटून राहणारा, घट्ट, गोलसर आणि मातकट रंगाचा. शास्त्रज्ञ त्यातल्या जातींना पोराइट्स, फॅविटेस, टर्बिनारिया अशी नावं देतात. जवळ गेलं की कळतं, तो दगड नाही. सगळ्या पृष्ठभागावर बारीक घरं आहेत, आणि प्रत्येक घरात एक जीव. मध्येमध्ये पाणशैवाल लाटेबरोबर एका बाजूला झुकतं, मग दुसऱ्या. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तोंडासमोर येऊन थांबतात. पावाची सवय लागलेले, तेव्हा त्यात माझं कौतुक काही नाही. नजर पोचत होती चार-पाच मीटर. त्यापलीकडे हिरवट धूसर.

मालवणचं पाणी असंच. पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्या घाटापासूनचा गाळ आणून समुद्रात ओततात, आणि दिवाळीनंतर तो हळूहळू बसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात निवळ. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत गर्दी सगळ्यात जास्त आणि समुद्र मात्र खवळायला लागलेला. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले, तेही मे अखेरीसच. मे संपताना जलक्रीडा बंद होतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. एरवी होड्यांनी गजबजलेली दांडी तेव्हा नारळाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकलेली असते.

पण त्या दिवशी मी सगळ्यात जास्त चकित झाले ते खाली जाण्याआधीच. बोट किनाऱ्यापासून बरीच आत आली होती, चारी बाजूंना सारखंच पाणी. कुठे तरंगता गोळा नाही, काठी नाही. तो पोरगा उभा राहिला, एकदा सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बघितलं, एकदा मागे किनाऱ्याकडे, हाताने बोट हाकणाऱ्या तांडेलाला डावीकडे घ्यायला सांगितलं, परत बघितलं आणि म्हणाला, "हंयच." आम्ही उतरलो तेव्हा खडक बरोबर पायाखाली होता.

नंतर विचारलं तेव्हा त्याने सांगितलं ते साधंच होतं. किनाऱ्यावरची एक खूण आणि तिच्यामागची दुसरी खूण एका रेषेत आणायची. एखादं देऊळ आणि त्यामागचा डोंगराचा खांदा, समजा. मग दुसऱ्या बाजूची तशीच जोडी. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खडप. जीपीएस त्याच्या मोबाईलमध्ये आहेच, पण तो लागत नाही. ही शोधाशोध त्याने केलेली नाही. त्याच्या बापाने, आज्याने या सगळ्या खडपांची नोंद डोक्यात ठेवली ती जाळं वाचवण्यासाठी. खडपावर जाळं अडकलं तर फाटतं, फाटलं तर हंगाम जातो. म्हणून कुठे जायचं नाही, हे आधी शिकायचं. खडपाच्या कडेला मासा मात्र भरपूर, म्हणून किती जवळ जायचं, हेही शिकायचं. पिढ्यान्‌पिढ्या टाळण्यासाठी जो नकाशा पाठ केला, तोच आता पोरं माणसांना नेऊन दाखवण्यासाठी वापरतात. मालवणला पर्यटक ज्याचे पैसे देतो ते हे आहे. टाकी आणि रबरी सूट कुठेही मिळतात. व्हिडिओत हे दिसत नाही आणि बोटीवर कुणी सांगतही नाही, कारण त्या पोरांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

किल्ल्याचीही गोष्ट हीच आहे. सिंधुदुर्ग दाखवणारे गाईड आपल्याला किल्ल्याच्या पायात ओतलेलं शिसं सांगतात, ४८ एकराचं क्षेत्र सांगतात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावरच्या तीन गोड विहिरी दाखवतात. शिवाजी महाराजांच्या हातापायांचे चुन्यातले ठसे, शिवराजेश्वराचं देऊळ, सगळं बघण्यासारखंच आहे. पण १६६४ मध्ये कुरटे बेट निवडलं गेलं, त्याचं खरं कारण पाण्याखाली आहे. या बेटाभोवती खडपांचा असा काही वेढा आहे, की परक्या जहाजाला आत यायचं तर आधी तळ माहीत असायला हवा. तो माहीत होता इथल्या कोळ्यांना आणि गाबितांना, आणि त्यांच्याच मदतीने जागा ठरली, असं मालवणात सांगतात. दांडीवरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली. आज त्याच धोंड्याच्या आसपास स्कुबाच्या बोटी उभ्या असतात. पर्यटकांपैकी क्वचितच कुणी तिकडे वळून बघतो.

१९८७ साली सरकारने या भागाला सागरी अभयारण्य ठरवलं. मालवण सागरी अभयारण्य, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगड या शेजारच्या छोट्या किल्ल्याजवळचा ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. कागदावर हे फार चांगलं होतं. फक्त ज्यांना खडपांची नावं पाठ होती, त्यांच्याच पाण्यावर रेघ मारली गेली, आणि त्यांना वाटलं की आता आपल्याला इथून हाकलणार. विरोध झाला, मोर्चे झाले, आणि अभयारण्य बरीच वर्षं फलकापुरतं राहिलं. मला त्या वेळचं आमच्या बाजारातलं बोलणं आठवतं. दुकानदारांना त्यात काही पडलेली नव्हती. प्रवाळ म्हणजे काय, हे कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला 'पोवळं' ठाऊक होतं ते अंगठीतलं.

पुढे वारं फिरलं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पाठोपाठ कोकण रेल्वे सुरू झाली, आणि २०२१ मध्ये चिपीला विमानही उतरलं. पण मालवणच्या पाण्यात फरक पडला तो तारकर्लीला एमटीडीसीने, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने, स्कुबा प्रशिक्षण संस्था उभारली तेव्हा. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या लोकांनी तिथे स्थानिक पोरांना शिकवलं. मासेमारी करणाऱ्या घरातली मुलं डायव्हमास्टर झाली. ज्या अभयारण्याला बापाने विरोध केला, त्याच्या गाभ्यातल्या प्रवाळाला धक्का लागू नये म्हणून मुलगा पर्यटकांवर ओरडायला लागला. सगळेच ओरडतात असं मात्र मी म्हणणार नाही.

कारण धंदा वाढला तसा धसमुसळेपणाही वाढला. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे दहा-बारा वर्षांचं काम, आणि त्यावर एक नांगर पडला की खल्लास. दिवसाला कित्येक बोटी त्याच त्या जागी नांगर टाकतात. कायमचे तरंगते गोळे बसवून त्यांना बोटी बांधल्या, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. दोर आणि गोळ्याचाच खर्च आहे. पावाचंही तेच. पाव खाऊन मासे फुगतात, कॅमेऱ्यात छान दिसतात, आणि प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खाण्याचं त्यांचं काम राहून जातं. पर्यटक मागतात म्हणून टाकतो, असं पोरं म्हणतात. पर्यटक मागतात, कारण आधीच्या व्हिडिओत त्यांनी तसं पाहिलेलं असतं. हे कुठेतरी थांबवायचं तर बोटीवर पाव चढू देऊ नये, बस. शिवाय समुद्र स्वतःच तापतोय. २०१५-१६ च्या सुमारास जगभर प्रवाळ पांढरे पडले तेव्हा मालवणचेही पडले होते. त्यावर दांडीवरच्या कुणाचा इलाज नाही. नांगरावर आहे.

किनाऱ्यावरची भांडणं तर वेगळीच, आणि ती जास्त जुनी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोन्ही टोकांना दहा-वीस माणसं दोर ओढतात, आणि मासा आला की ठरलेल्या हिश्शांनी वाटला जातो. पर्ससीनचं मोठं जाळं बांगड्याचा, तारलीचा आख्खा थवा एकदम वेढून उचलतं, तेव्हा रापणीला उरतं काय? २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, मग एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसल्याच्या बातम्या येत राहतात. पर्यटक सकाळी किनाऱ्यावर रापण बघतो, एक दोर हातात घेऊन फोटो काढतो आणि दुपारी सुरमईची थाळी मागवतो. ती सुरमई याच किनाऱ्याची आहे का, हे त्याने एकदा हॉटेलवाल्याला विचारून बघावं. आणि सुरमईच का? पेडवे खावेत, मोरी खावी, सौंदाळे मिळाले तर सोडू नयेत. पण घोटभर सोलकढी पिऊन माणूस गप्प होतो, त्याला वाद नको असतो, हे मी जाणते.

एकदा मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर राज्यभरातून आलेल्या पोरापोरींची सागरी जलतरण स्पर्धा बघत उभी होते. माझ्या शेजारची मालवणची बाई मुलाला ओरडून सांगत होती, "हात लांब मार, हात!" तिला स्वतःला पोहता येत नव्हतं, मी विचारलं. निदान एका पिढीत एवढं तरी झालं.

आता नव्या गोष्टी बोलल्या जातात. किनाऱ्यापासून शंभरहून जास्त किलोमीटर आत, खोल समुद्रातून वर उठलेलं आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथलं पाणी काचेसारखं स्वच्छ, असं तिथे गेलेले सांगतात. तिथे पर्यटक नेण्याची स्वप्नं अधूनमधून वर्तमानपत्रात येतात. मला ते अंतर आणि तो समुद्र बघता तिथे शास्त्रज्ञांनीच जावं असं वाटतं. दुसरी योजना जास्त जवळची. १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवायची, म्हणजे तिच्या लोखंडावर हळूहळू जीव बसतील, कृत्रिम खडप तयार होईल आणि डायव्हरना बघायला काहीतरी मिळेल. माझ्या मते, नीट साफ करून बुडवली तर वाईट नाही. खऱ्या खडपांवरची गर्दी तेवढी वाटली जाईल. अर्थात माझ्या मताला तिकडे काय किंमत!

याच गुलदारवरून माझ्या गाईडच्या घरी बापलेकाची जुंपली होती. मी त्यांच्या पडवीत चहा घेत होते. मुलगा उत्साहात सांगत होता, की जहाजाभोवती मासे येणार, मग डायव्हर येणार. बाप जाळं सांधत ऐकत होता.

"मासो सगळो थंय जमलो, तर आमी जाळी खंय घालूची?"

"बोटीच्या भोवतीन."

"आणि तुमचे पावणे?"

"ते मदी. बोटीत."

बापाने सुई थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "बाय, तुमी बाजारातली माणसां, तुमका काय ठाव," तो म्हणाला. "मगे मासो आणि पावणो, दोनय एकाच जाळ्यात गावतले."